डेमो फोनमधला फोटो
नव्या फोनवरचं प्लास्टिक सोललं की त्या वासाने मला जव्हारचं ते दुकान आठवतं. नुकताच बाजारात आलेला फोन तिथे काउंटरवर कुणीही हाताळावा म्हणून ठेवला होता. मी बाबांचा फोटो काढला, बघायला गॅलरी उघडली, आणि आदल्या दिवशीच्या फोटोंत माझी बहीण दिसली, कडेवर तान्हं बाळ घेतलेली. मर्जीविरुद्ध लग्न केलं म्हणून बाबांनी तिला दोन वर्षांपूर्वीच तोडलं होतं. जव्हारपर्यंत येऊनही ती जामसरला घरी आली नव्हती. "कसा आलाय फोटू?" बाबा जवळ सरकले. "बरा आलाय," म्हणत मी घाबरून तिचा फोटो पुसून टाकला. आता बाबा थकलेत. "तिला पोर झालं असंल का रे?" असं मधेच विचारतात, आणि मी अजूनही माहीत नाही म्हणतो.