स्वतःला व्यवस्थित डिमीन करावे

पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कना सगळे डिक्शनरीकाका म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडे. साधी गोष्ट साध्या इंग्रजीत लिहिणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी लिहिलेल्या पत्रावरून रजा मंजूर झाली की नाही हे कळत नसे. लोक अंदाजाने घरी राहत. टेबलाच्या खणात वडिलांचा जाडजूड कोश होता. त्यातला एखादा शब्द पत्रात बसला, की काकांना त्या दिवशी जेवण गोड लागे.

वरून तपासणीला मॅडम येणार असं कळलं, तेव्हा साहेबांनी काकांना बोलावलं.

"सगळ्यांनी नीट वागावं असं परिपत्रक काढा. जरा वजनदार होऊ द्या."

वजनदार म्हटल्यावर काकांना कुठला धीर. 'बिहेव्ह' हा शब्द शाळेतल्या पोरांचा. त्यांनी कोश उघडला, पानं उलटली आणि 'डिमीन'वर बोट टेकलं. पहिलाच अर्थ होता: वागणे, वर्तन ठेवणे. साहेबांनी न वाचता सही ठोकली. तपासणीच्या दिवशी सर्व कर्मचाऱ्यांनी मॅडमसमोर स्वतःला व्यवस्थित डिमीन करावे, असा कागद दुपारी भिंतीवर लागला.

आवक-जावक बघणाऱ्या बाईंनी मोबाईलवर शब्द शोधला आणि त्या काकांच्या टेबलाशी आल्या.

"काका, याचा अर्थ स्वतःला हलकं करून घेणे, कमीपणा पत्करणे असा दाखवतंय."

"तो दुसरा अर्थ. पहिला अर्थ वागणे."

"तसं आता कुणी म्हणत नाही."

"बाई, तुमचा मोबाईल कालचा. कोश माझ्या वडिलांचा."

पण बाईंचा अर्थ तोवर पंपघरापर्यंत पोचला होता. पंपचालकाला नवल वाटलं नाही. "इतकी वर्षं तोंडी होतं," तो म्हणाला, "आता लेखी आलं."

लेखी आदेश म्हटल्यावर लोक कामाला लागले. तपासणीच्या दिवशी व्हरांड्यात सगळे माना खाली घालून ओळीने उभे होते. मॅडमनी पंपचालकाला सहज विचारलं, "काय, कसं चाललंय?"

"मॅडम, मी पंपावर झोपतो. माझी लायकीच तेवढी."

शेजारचा मीटर तपासनीस म्हणाला, "मी मीटर घरी बसूनच वाचतो."

स्टोअरकीपरने आपणहून कुलपाची किल्ली पुढे केली. स्टोअरमध्ये निम्मा माल नाही, असं त्याने सांगितलं. मॅडमचं पेन चालू राहिलं. काका खांबाला टेकून उभे होते. शेवटी मॅडम साहेबांकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

साहेबांनी परिपत्रक वाचलंच नव्हतं. ते नुसते हसले.

महिन्याभराने अहवाल आला. कर्मचारी ठिकठिकाणी दोषी. कार्यालयप्रमुखांविरुद्ध मात्र एकही कबुली नाही. साहेबांना बढती मिळाली. काकांना नोटीस मिळाली. कार्यालयाला डिमीन केल्याबद्दल खुलासा करावा, असं तीत होतं, आणि इथे अर्थ दुसरा, कमीपणाचाच होता यात काकांनाही शंका नव्हती.

घरी त्यांनी बायकोला दोन्ही अर्थ समजावून सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुम्हाला वागणं म्हणायचं होतं ना?"

"हो."

"मग वागणं का नाही लिहिलं?"

काकांनी उत्तर शोधून पाहिलं. वडिलांच्या कोशात ते नव्हतं. त्यांनी अकरा पानी खुलासा लिहिला. समितीने तो वाचला, त्यांचा पहिला अर्थ बरोबर असल्याचं मान्य केलं आणि त्यांना तक्रार खिडकीवर बसवलं.

तिथे इंग्रजीला गिऱ्हाईक नव्हतं. पहिल्याच सकाळी एक म्हातारी खिडकीशी आली. "आठ दिवस पाणी नाही," ती म्हणाली. "वर चढवत नाहीत मला बादल्या."

काकांनी पेन उचललं, सवयीने थोडं थांबले, आणि लिहिलं: आठ दिवस पाणी नाही. वर बादल्या चढवता येत नाहीत.

दुपारी प्लंबरने तो कागद हातात घेतला, एकदाच वाचला आणि पाना उचलून निघाला. अर्थ विचारायला तो परत आला नाही, याचं काकांना जरा वाईटच वाटलं.