शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या भागात गाणं कोणाचं, हे ठरवायची रीत साधी होती. शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, त्याचं गाणं. चौदा एप्रिलच्या जयंतीला गायन पार्ट्या यायच्या. पेटी, ढोलकी, मागे झील धरणारे दोघं-तिघं. पुढचा गायचा, मागचे ध्रुवपद उचलायचे, आणि शेवटी कवी आपलं नाव कडव्यात गुंफायचा. लोक तेवढ्यासाठी कान टवकारून बसत. नाव आलं की टाळ्या.

माझे बाबा आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याकडच्या एका गावात मराठी शाळेचे गुरुजी आणि पार्टीचे मुख्य गायक. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतली म्हातारी मान डोलवायची. पण रचना त्यांना सुचेनाशी झाली होती. मी दहावीत असल्यापासून गाणी मीच लिहायची. कार्यक्रमात त्यांच्या मागे बसून ओळ सांगायची, ते उचलायचे. शेवटी नाव त्यांचं.

एकदा मी विचारलंच, "बाबा, गाणं माहं, तं नाव तुमचं काऊन?"

ते चिडले नाहीत, हसले. "अवं येडे, तुह्यं नाव लग्नात बदलन. मंग लोकायनं कोणतं नाव घ्यावं? आपलं घरचंच गाणं हाये ना!"

आणि काय सांगू बाप्पा, मलाही ते तेव्हा पटलं.

पुढे मी आदिलाबादला मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेले. होस्टेलच्या खोलीत एक तेलुगू ख्रिश्चन मुलगी होती, माझ्याहून मोठी. मी तिला अक्का म्हणायची. रविवारच्या प्रार्थनेसाठी तिनं गिटार आणली होती. तिनं माझी बोटं धरून तारांवर ठेवली. बोटांची सालं निघाली, पण मी सोडलं नाही. ढोलकीच्या दणक्यात मी नेहमी जोरानं लिहायची. गिटारवर पहिल्यांदा माझे शब्द मला हळू ऐकू आले. आईवरचं गाणं तेव्हाच झालं. दिवसभर कापूस वेचून आलेली आई माझ्याच पाटीवर अक्षरं गिरवायची, त्याचं गाणं.

गिटार घेऊन गावात आले तर ढोलकीवाले काका म्हणाले, "अवं माय! एकतारीले पोट्टे झाले का वं?" सगळे खो खो हसले. बाबाही हसले. पण आईवरचं गाणं मात्र त्यांनी लगेच पार्टीत घेतलं आणि शेवटच्या कडव्यात आपलं नाव घातलं. पाटी माझी, आई माझी, आणि नाव यांचं! तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. ट्रेनिंग संपलं तरी मी नोकरीच्या मागे लागले नाही. मला गाणंच करायचं होतं, माझ्या नावानं.

नागपूरला एक कॅसेट काढणारे गृहस्थ स्वतः लिहून स्वतः गाणारी बाई शोधत होते. मी गेले. आईवरच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात माझं नाव बसवून घोकून घोकून गेले होते. गिटार धरली, डोळे मिटले, जीव ओतून गायले. शेवटचं कडवं आलं आणि तोंडातून निघालं बाबांचं नाव! जिभेला तेच वळण. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"गातेस छान," ते म्हणाले. "पण गाणं दुसऱ्याचं दिसतं."

मी परोपरीनं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांनाच घेऊन ये. त्यांनी तुझं म्हटलं की कॅसेट तुझी."

बाबा लगेच तयार झाले. इस्त्रीचा सदरा घातला. बसमध्ये शेजारच्या माणसाला सांगत होते, "पोरीचं भलं होऊन राह्यलं." ते ऐकून मला धीर आला.

नागपूरला कॅसेटवाल्यांनी सरळ विचारलं, "गुरुजी, हे गाणं कोणाचं?"

बाबांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. म्हणाले, "माहं. पण गाईन माही पोरगी."

मला दान दिल्यासारखं म्हणाले. त्यांना ते खोटं वाटतच नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

"मग याच चालीवर एक कडवं इथंच रचून दाखवता का?"

बाबांनी सूर लावला. काय आवाज होता तो! मग थांबले. आणि सवयीनं मान मागे वळवली, पार्टीत ओळीसाठी वळवायचे तशी. ओळ माझ्या ओठांवर होती. मी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांचा राग येत होता आणि त्यांची कीवही येत होती, दोन्ही एकदम. त्यांनी पुन्हा सूर लावला, पुन्हा थांबले. मग खाली बघत म्हणाले, "तिचंच हाये. सारेच गाणे तिचे हायेत."

परतताना ते पुढच्या सीटवर जाऊन बसले. पांढरकवड्याला बस थांबली तेव्हा खाली उतरून खिडकीतून मला चहा दिला आणि परत पुढच्याच सीटवर जाऊन बसले.

कॅसेट निघाली. त्या कॅसेटवर मला कार्यक्रम मिळत गेले आणि आजवर माझं पोट गाण्यावरच चाललंय.

पुढच्या जयंतीला विहारासमोर गायला मलाच बोलावलं. पेटीवर बाबा बसले होते. मी म्हटलं, "बाबा, तुमी झील धरा ना माह्या मांगं." त्यांनी होकाराची मान हलवली. मी तारा छेडल्या, आईवरचं गाणं सुरू केलं, ध्रुवपद म्हटलं. मागून काहीच आलं नाही. पार्टीतले सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत होते. मी थांबले.

"काऊन बाबा?"

तेच गाणं गावोगाव गाऊन टाळ्या घेतलेल्या माझ्या बापानं पेटी बंद केली.

"मले येत नाई हे गाणं," ते म्हणाले.