दादाची अकरा अंडी

रफूकाकूचं खरं नाव गल्लीत दोघातिघांनाच ठाऊक होतं. चाळीस वर्षं ती लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवत आली. कोटाला कसर लागो, नव्या साडीत खिळा अडको, शालीवर निखारा पडो, सगळं तिच्या खिडकीशी यायचं. ती कपड्याच्याच आतल्या शिवणीतून चार धागे उपसायची, डोळ्याला चष्मा आणि चष्म्यावर भिंग लावायची, आणि एक धागा वरून, एक खालून असं करत भोक नाहीसं करायची. या कामाचं दुर्दैव असं, की ते जितकं चांगलं होईल तितकं कोणाला दिसत नाही. गिऱ्हाईक कपडा उलटासुलटा करून विचारायचं, "काकू, केलंत ना?" काकू म्हणायची, "नाही हो, भोकच कंटाळून निघून गेलं."

नवरा लवकर गेला, पोरबाळ झालं नाही, म्हणून ती भावाच्या घरी येऊन राहिली. पुढची खोली तिची, मागची दादाची. दादा तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, बस चालवून निवृत्त झालेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. मागच्या अंगणात मधोमध त्याने पत्रा ठोकला होता. पत्र्याच्या अलीकडे काकूच्या कोंबड्या, पलीकडे दादाच्या टर्की. आता टर्की म्हणजे कोंबडीची चुलत बहीण म्हणा, पण अंगाने चौपट, डोक्याला पीस नाही, गळ्याला लाल लोंबती कातडी, आणि चाल अशी, जणू जमीन तिच्या बापाची आहे. दादाचा त्यांच्यावर जीव. तीस वर्षं त्याने तोच एक वंश सांभाळला होता.

आणि कोंबड्यांचा त्याला तितकाच तिटकारा. काकूची कोंबडी पत्र्याशी आली, की हा आतून ओरडणार, "ती पिसांची उशी आवर तुझी." काकूही काही कमी नव्हती. "तुझी ती टकली मंडळी आधी आरशात बघून येऊ देत." सकाळचा चहा या बोलण्याशिवाय दोघांच्या घशाखाली उतरायचा नाही.

मग दादाची मूत्रपिंडं थकली. पायाला सूज चढली, पाण्याची बादली उचलवेना. मोठ्या टर्की एक व्यापारी घेऊन गेला, ती पाखरं काही परत दिसायची नव्हती. पण जायच्या आधी त्यांनी घातलेली अकरा अंडी दादाने जपून ठेवली, आणि स्वतः बनवलेल्या लाकडी पेटीत, दिव्याच्या उबेला मांडली. सहाव्या दिवशी त्याला रुग्णालयात न्यायला गाडी आली. कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन तो खाटेच्या कडेला बसला आणि काकूला सूचना देऊ लागला.

"दिवसातून तीनदा उलटायची. पंचविसाव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. वाटीतलं पाणी आटू द्यायचं नाही."

"बरं."

"एवढीच राहिलीत. मी आलो की यांतूनच पुन्हा उभं करीन सगळं."

"हो रे बाबा. तू नीट जा."

"आणि तुझ्या कोंबडीची सावलीसुद्धा पडता कामा नये."

"का? तुझ्या राजपुत्रांना दृष्ट लागेल?"

"लागेल," दादा म्हणाला, आणि सवयीने हसला.

तो हसला, तिथेच सगळं फसलं. जन्मभर जो माणूस कोंबडीला टोमणेच मारत आला, त्याने एकदा खरं काही सांगितलं तर ते ओळखायचं कसं?

काकूने अंडी पोटच्या पोरासारखी सांभाळली. हातातलं काम टाकून उठायची, उलटायची, पाणी बघायची. अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी पेटीतून टकटक ऐकू आली. तीन अंडी फुटलीच नाहीत. आठांतून पिल्लं आली, भिजलेल्या लोकरीच्या गुंड्यांसारखी, आणि तासाभरात वाळून पिवळीधम्मक उभी राहिली. काकूने त्यांना आपल्या खोलीतच मोठ्या खोक्यात ठेवलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, "आठ दिवस येऊ नका, घरात बाळंतपण आहे."

पण टर्कीचं पिल्लू जन्मतः फार भोळं असतं. दाणा समोर असतो, पोटात भूक असते, पण ही वस्तू तोंडात घालायची असते हे त्याला कळत नाही. दुसरं कोणी खाताना दिसलं तरच ते खातं. काकूने उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घातला, बोटाने टकटक करून दाखवलं. पिल्लं तिच्या बोटाकडे कौतुकाने बघत बसली.

त्याच दिवसांत एका सकाळी फाटक उघडं राहिलं आणि गल्लीतलं कुत्रं आत शिरलं. काकू धावेपर्यंत दोन कोंबड्या संपल्या होत्या. उरली ती एकच, सगळ्यात म्हातारी. तिला काकू बाईसाहेब म्हणायची, कारण ती कधी घाईत चालत नसे. बाईसाहेबांच्या पाठीची कातडी फाटून तळहाताएवढी लोंबत होती. काकूने मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, सुई ज्योतीवर धरली, रेशमी दोरा उकळला आणि कोंबडीला जुन्या स्वेटरात गुंडाळून मांडीवर घेतलं. एकोणीस टाके पडले. कोंबडी दर टाक्याला हिसका द्यायची, म्हणून टाके वाकडेतिकडे आले. आयुष्यात तेवढाच एक रफू तिने असा केला, जो लांबूनही दिसत होता.

बाईसाहेब टोपलीत पडून राहिल्या. काकू नळीने पाणी पाजायची, जखमेवर माशी बसू नये म्हणून शेजारी बसून शिवायची. तिकडे चौथ्या दिवशी खोक्यातली दोन पिल्लं भुकेने गेली, भरल्या ताटाशी. सहा उरली होती, आणि त्यांच्याही माना पडायला लागल्या होत्या.

तेवढ्यात टोपलीतल्या बाईसाहेबांनी घशातल्या घशात आवाज केला, कोंबडी पिल्लांना बोलावते तसा. सहाच्या सहा माना वर झाल्या.

काकूला दादाचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण तिच्या कानाला तो टोमणाच वाटला. ती मनाशी म्हणाली, "सावली पडेल ती माझ्या माथी," आणि बाईसाहेबांना उचलून खोक्यात ठेवलं. धड उभं राहता येत नव्हतं तरी त्या म्हातारीने बसल्या जागी बलक टिपला, टाकला, पुन्हा टिपला. एका पिल्लाने बघितलं. मग दुसऱ्याने. संध्याकाळपर्यंत सहाही जणांची गळ्याखालची पिशवी टम्म फुगली. काकू तिथेच जमिनीवर बसली आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

रविवारी ती बसने रुग्णालयात गेली. दादा उशीला टेकून बसला होता, हाताला नळी लावलेली.

"किती?"

"सहा."

"खातात?"

"खातात की. शिकवणी लावलीय त्यांना."

"शिकवणी? कोणाची?"

"ते घरी आलास की दाखवीन. तुझं नाक कापल्याशिवाय सोडायची नाही मी."

दादा हसला. सूज आलेल्या तोंडाने हसला, म्हणून काकूला फार बरं वाटलं. परत येताना बसमध्ये ती तो प्रसंग मनात रंगवत आली. दादा दारातून आत येईल, बघेल, आणि त्याच्या राजपुत्रांची आई कोण, तर पिसांची उशी. ही गंमत तिने पुढचे तीनही रविवार जपून ठेवली.

पिल्लं महिन्याची झाली. बाईसाहेबांच्या पाठीवर नवी पिसं फुटली. त्या सहांना घेऊन अंगणभर हिंडायच्या, रात्री आतल्या टोपलीत पिसं पसरून त्यांना कुशीत घ्यायच्या. मग एका सकाळी एक पिल्लू पंख सोडून कोपऱ्यात उभं दिसलं. त्याची शी गंधकासारखी पिवळी होती. दुसऱ्या दिवशी ते गेलं, आणि आणखी दोघांनी पंख सोडले.

जनावरांचा डॉक्टर आला. तरुण माणूस, उगाच बडबड न करणारा. त्याने शी पाहिली, मेलेलं पिल्लू उघडून काळीज पाहिलं.

"आजी, यांच्याबरोबर कोंबडी आहे का?"

"आहे ना. तिनेच तर जगवलीत."

डॉक्टरने हातमोजे काढले. "हा रोग कोंबडीच्या पोटात असतो. तिला काही होत नाही. तिच्या विष्ठेतून, मातीतून टर्कीला लागतो आणि टर्की टिकत नाही. देण्यासारखं औषध आज माझ्याकडे नाही."

अंगणात बाईसाहेब तेवढ्यात एक किडा सापडला म्हणून पिल्लांना हाका मारत होत्या.

रविवारपर्यंत चार गेली होती. काकू रुग्णालयात आली आणि यावेळी दादाने विचारायच्या आतच तिने सगळं सांगून टाकलं, खाली बघत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. कुत्रं, टाके, भूक, खोकं. शेवटी म्हणाली, "तू सांगितलं होतंस. मला वाटलं, नेहमीसारखं बोलतोयस."

दादाने छताकडे बघत विचारलं,

"शी पिवळी ना?"

"हो."

"माझी पहिली बावीस अशीच गेली," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांचा होतो. आईच्या कोंबड्यांत सोडली होती. नंतर एकाने सांगितलं, का मेली ते. आईला म्हटलं, ऊन लागलं."

"मला कधी बोलला नाहीस."

"काय बोलणार? मूर्खपणा माझा. त्यापेक्षा कोंबड्यांना शिव्या देणं सोपं होतं."

"एवढी वर्षं?"

"मग सवयच झाली." त्याने मान वळवली. "ती जगली का, तुझी?"

"जगली."

"टाके पिकले नाहीत?"

"नाही."

"हं," तो म्हणाला, "उरलेली दोन जमिनीवर ठेवू नकोस. गच्चीवर ने. कोंबडी फिरली नाही अशी तेवढीच जागा आहे आपल्याकडे."

काकूने त्याच संध्याकाळी दोन्ही पिल्लं गच्चीवर नेली. गुडघे धरत धरत पाणी, दाणा, गवत वर चढवलं. जिन्याशी वेगळ्या चपला ठेवल्या, म्हणजे अंगणातली माती पायाला लागून वर जायला नको. मंगळवारी एक गेलं. दुसऱ्याने बुधवारी दाणा टिपला. गुरुवारी ती ही बातमी घेऊन निघणार, तोच रुग्णालयातून फोन आला. दादा पहाटे गेला होता.

एकच उरलं ते मादी निघालं. दादाच्या टर्कींसारखीच चालायची, गच्ची बापाची असल्यासारखी. काकू तिच्याजवळ बसून शिवायची. खाली अंगणात बाईसाहेब मान वर करून आवाज द्यायच्या, वरून उत्तर यायचं, पण दोघींची भेट काकूने कधी होऊ दिली नाही.

वर्षाने टर्कीने गवतात अंडी घातली आणि त्यांवर बसली. नर नव्हता, त्यातून काही निघायचं नव्हतं. तरी ती उठेना. दाणापाणी सोडलं, छातीचं हाड वर आलं. काकूने बारा दिवस वाट पाहिली. तेराव्या दिवशी तिने टर्कीच्या पोटाखाली हात घातला आणि एकेक अंडं काढून पदरात घेतलं.

"रिकामी आहेत गं," ती म्हणाली. "नर नाही, म्हणून. आणि अशी बसून राहिलीस तर मरशील, म्हणून काढतेय. रागाने नाही."

टर्कीने मान तिरकी करून ऐकून घेतलं. मग गवत चोचीने सारखं केलं आणि पुन्हा त्याच जागी बसली.