एकोणशंभर

वसूताई गेल्याचा फोन भाऊजींनी सकाळी केला. "तुझी ताई गेली रे," म्हणाले. "झोपेतच..." घाटकोपरहून मी मुलुंडला पोचलो तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर आदल्या संध्याकाळच्या खरेदीची पिशवी तशीच होती. ती खरेदी दोघांनी मिळून केली होती, आणि बेरीज अर्थातच ताईने.

ताईबरोबर सुपरमार्केटात जाणे म्हणजे सामना बघायला जाणे. मशीनने बिल दाखवायच्या आत तिने आकडा सांगायचा, हा नियम. तिची रीत सोपी होती. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी. मग सरळ पन्नास धरायचे आणि डाव्या हाताचे एक बोट मुडपायचे. एकोणनव्वदला नव्वद, आणखी एक बोट. शेवटी मुडपलेली बोटे वजा. "अर्धं गणित भाषेनंच करून ठेवलंय रे, आपण नुसती बोटं सांभाळायची," ती म्हणायची. तिचे वैर एकाच आकड्याशी होते. "एकोणनव्वदपर्यंत सगळे सरळ वागतात, आणि ऐन शेवटी हा नव्याण्णव गद्दार! दुकानवाल्यांनी नेमका तोच धरलाय." म्हणून तिने स्वतःचा शब्द केला, एकोणशंभर. पुढे एकोणदोनशे, एकोणतीनशे. भाऊजी मुद्दाम तिच्या कानाशी "नव्याण्णव" म्हणायचे, की ही उसळलीच. "झालं! वाट लावली माझ्या बेरजेची!"

एका दिवाळीत ट्रॉली शिगोशीग भरलेली होती. मागच्या रांगेतल्या लोकांनाही खेळ कळला. शेवटची वस्तू मशीनखालून जाताच ताई ओरडली, "अकराशे त्र्याऐंशी!" सगळ्यांच्या माना पडद्याकडे. अकराशे ब्याऐंशी! रांगेतून मोठा "अरेरे" उठला. ताईने हाताकडे पाहिले. पिशवी उचलताना एक बोट सुटले होते. "बोट सुटलं, बेरीज नाही चुकली," हे ती भाऊजींशी लावलेली कुल्फीची पैज हरून, कुल्फी खातानाही सांगत राहिली.

गेल्या वर्षी तिला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तिला कितपत समजते, ती कोणाला ओळखते की नाही, हे आत्ताच सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. भाऊजी रोज हॉस्पिटलात कॉटशेजारी बसून तिच्याशी बोलत. ती छताकडे बघे. एका दुपारी मी तिथे असताना ते मेडिकलमधून सामान घेऊन आले, बिल माझ्याकडे दिले आणि सवयीने एकेक वस्तू दाखवत किंमत सांगू लागले. "ही पावडर, वसू. नव्याण्णव."

ताईचे ओठ हलले. "ए...कोण..."

सिस्टर चटकन जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "काका, आजी विचारतायत, 'ए, कोण?' वाईट वाटून घेऊ नका. होतं असं."

भाऊजींचा चेहरा क्षणभर पडला. पण माझे लक्ष ताईच्या डाव्या हाताकडे होते. करंगळी मुडपलेली होती.

"भाऊजी, बोट बघा!"

"कोण नाही हो सिस्टर, एकोण!" भाऊजी जवळजवळ ओरडलेच. "वसू, पुढे? पुढे काय?"

"...शंभर," ताई म्हणाली. चिडून.

भाऊजींनी पिशवीत हात घातला. "साबण, एकोणपन्नास." दुसरे बोट. "टॉवेल, एकशे नव्याण्णव." ताईने त्यांच्याकडे रोखून पाहिले, त्या जुन्याच नजरेने, आणि तिसरे बोट मुडपले. बराच वेळ गेला...

"तीनशे... सत्तेचाळीस."

बिल माझ्या हातात होते. मी ते नुसते उंचावून दाखवले. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि सिस्टरने गप्प करेपर्यंत शेजारच्या कॉटवरच्या बाईही वाजवत होत्या.

ताईची वाचा पुरती कधी आली नाही. काठी टेकत ती पुन्हा दुकानात मात्र जाऊ लागली. कधी जिंके, कधी मशीन. हे शेवटच्या संध्याकाळपर्यंत.

परवा भाऊजींबरोबर त्याच दुकानात गेलो. त्यांनी फक्त चहापत्ती घेतली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नव्याण्णव, काका."

"एकोणशंभर," भाऊजी म्हणाले आणि शंभराची नोट पुढे केली. तिने रुपया परत दिला. तो त्यांनी खिशात टाकला, पिशवी उजव्या हातात घेतली. डाव्या हाताची करंगळी घर येईपर्यंत मुडपलेलीच होती.