कडेचा धागा

तिला रफू करायला शिकवलं ते मीच, आणि ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

साउथहॅम्प्टनबाहेरच्या एका जुन्या चर्चमध्ये भरतकामाचं एक कापड आहे. मध्ययुगात तो धर्मगुरूंनी खांद्यावर घ्यायचा झगा होता. त्या काळी इंग्लंडच्या भरतकामाला साऱ्या युरोपातून मागणी असे, हे मला इथे येऊन कळलं. पुढे धर्माचे वारे फिरले, झगे नकोसे झाले, आणि कोणीतरी सरळ कात्री चालवून त्याचं वेदीवर घालायचं कापड केलं. त्यामुळे त्यातल्या एका संताला पाय नाहीत आणि देवदूताला एकच पंख उरलाय. त्या पंखाखाली निळ्या रेशमात एक लांब चीर होती.

नवरा दिवसभर हॉस्पिटलमध्ये, मुलगी शिकायला ब्रिस्टलला. रिकाम्या घराला कंटाळून मी त्या चर्चमध्ये कापड जपणाऱ्या व्हॉलंटियर बायकांत जाऊ लागले. तिथे कापड ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीपाशी मला बसवलं ते तिने. निवृत्त शिक्षिका, नुकताच नवरा गेलेला, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी ती चीर बघून मी फुशारकीने म्हटलं, "ही मी अशी मिटवीन की शोधून सापडणार नाही."

ती चक्क घाबरली. "तेच तर इथे कधी करायचं नसतं," म्हणाली. फाटलेल्याखाली आधाराचं कापड लावायचं, बारीक रेशमाने त्याला नुसतं धरून ठेवायचं. आपला टाका पुढच्यांना ओळखू यायला हवा आणि काढताही यायला हवा. न दिसणारी दुरुस्ती म्हणजे इथे फसवणूक. मला ते पटलं. जे हरवलं ते हरवलं म्हणून दिसू द्यायचं, यात एक सच्चेपणा आहे असं वाटलं.

आमच्या घरी सगळं याच्या उलट. आई रेशमी साडी रफू करायची ती साडीच्याच धाग्याने. कमरेला खोचायचं टोक कोणाला दिसत नाही, तिथून धागे ओढून काढायचे, म्हणजे रंगाला रंग मिळतो. चीर कुठे होती हे मावशांना ओळखता आलं नाही की आईची कॉलर ताठ.

एकदा चर्चमधली ती, गेलेल्या नवऱ्याचा ट्वीडचा कोट घेऊन माझ्याकडे आली. कोपर फाटलेलं. तो टाकवेना म्हणून रडत होती. माझ्या किचनमध्ये चहा पिता पिता मी कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे काढले आणि अर्धं कोपर विणून दिलं. उरलेलं अर्धं तिने माझ्याकडून शिकून स्वतः विणलं. ती डावखुरी, त्यामुळे तिचे टाके कलते पडले. त्यावरून आम्ही पोट धरून हसलो.

कापडाचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा ते तपासायला लंडनहून एक तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी भिंग लावलं. पंखाखालची चीर नव्हती. कडेचं अस्तर उसवून आतले जुने रेशमी धागे कोणीतरी ओढून काढले होते आणि त्यांनीच चीर विणून टाकली होती.

"हे आता पूर्ववत करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "ही पद्धत इथे कोणाला येते?"

आम्हा दोघींनाच येत होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने तोच कोट घातला होता. तिने हळूच कोपरावर तळहात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाली, "हिला येतं. आईकडून शिकलीय. तिने चांगल्या मनानेच केलं असणार."

"मी नाही केलं!" माझा आवाज चढला. "हिच्या कोटाचं कोपर बघा, आणि तो पंख बघा. दोन्हीकडे तेच कलते टाके आहेत, डाव्या हाताचे."

कोणी बघितलं नाही. विधवा बाईला नवऱ्याचा कोट उतरवायला कोण सांगणार? सगळ्याजणी माझ्याकडेच बघत होत्या, मीच काहीतरी असभ्य बोलले असल्यासारख्या. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "प्लीज, कोणी कोणाला दोष देत नाहीये."

कार पार्कमध्ये ती माझ्यामागे आली. "ती चीर बघवत नव्हती गं. एकदा तरी तो देवदूत पूर्ण दिसावा असं वाटलं."

"मग तसं सांगायचं होतंस."

"मला त्यांनी कधीच माफ केलं नसतं. तुला करतील. तुमच्याकडे असंच करतात म्हणतील आणि सोडून देतील."

तिचं खरं ठरलं. मला माफ केलं गेलं. फक्त सुई पुन्हा हातात दिली नाही. चहाच्या टेबलावर माझी गरज जास्त आहे, असं ठरलं. घरी नवरा म्हणाला, "अगं, लेट इट गो. कुठे जॉब होता तो तुझा?" मला कामाचं दुःख नव्हतंच. जिला मी माझ्या आईचा हात दिला, तिने तो माझ्यावरच उगारला होता.

प्रदर्शनाला मी गेले. का गेले, माहीत नाही. काचेपाशी ती कोट घालून उभी होती, लोकांना माहिती सांगत. देवदूताखाली पाटी होती: अलीकडील दुरुस्ती, पारंपरिक भारतीय पद्धत. एका म्हाताऱ्या बाईंनी काचेला नाक लावून बघितलं आणि विचारलं, हे इतकं सुरेख कोणी केलं?

तिने एक क्षणही विचार केला नाही. हसून, सगळ्यांना दिसेल असं, माझ्याकडे बोट केलं.

बाईंनी येऊन माझा हात हातात घेतला. "हाऊ क्लेव्हर," म्हणाल्या.