नकाशातली विहीर

ती विहीर सापडली तो दिवस मी आजही विसरलेलो नाही.

मी तेव्हा हिंदी मुलखात फौजदार होतो. आमच्या हद्दीतल्या, सिंध नदीकाठच्या एका गावातून देवीची मूर्ती चोरीला गेली. पुजारीण आजी देवळाच्या पायरीवर बसली आणि तिनं अन्न सोडलं. "आधी देवी, मग घास," एवढंच म्हणायची. आम्ही पंचनामा केला, जबाब घेतले. आजी रोज खंगत चालली.

मग खबऱ्यानं कळवलं, शहरातल्या पाटणकर बाजारात एक इसम मूर्तीला गिऱ्हाईक शोधतोय. त्याला उचलला. झडतीत मूर्ती नाही, निघाला त्या गावाचा नि आसपासचा जुना सरकारी नकाशा. स्वातंत्र्यानंतर लगेच छापलेला. टेकड्या, नाले, विहिरी, सगळं त्यात.

"शौक है दरोगाजी, पुरानी चीज़ें जमा करता हूँ."

"मलाही शौक आहे. चल, मिळून पाहू."

मी शाळा फार शिकलो नाही, पण माणसाचं तोंड वाचता येतं. नकाशा टेबलावर पसरला आणि त्यावरून बोट हळूहळू फिरवलं. देऊळ, घाट, बाजार. गडी हसत होता. बोट नदीपलीकडच्या एका विहिरीवर आलं आणि त्यानं पाणी मागितलं. बोट काढलं, पुन्हा तिथंच ठेवलं. गडी छताकडे बघायला लागला. समजलो.

दिवसभर पलीकडचा काठ पालथा घातला. विहीरच नाही! घरी जेवताना चिडून बोललो. बायकोचं माहेर तेच गाव.

"अहो, पलीकडे कशाला गेलात? मी लहान असताना पुरात नदीनं वाट बदलली. मावशीचं पलीकडचं शेत अलीकडे आलं. विहीर याच काठाला, बाभळीत बघा. आणि म्हणे पोलीस!"

सकाळी बाभळी तोडल्या. कोरडी विहीर निघाली. तळाशी गोणपाट, त्यात देवी. हवालदार ओरडला, "मिल गई!" आजीला तिथंच आणवलं. तिनं देवीच्या पायांना हात लावला आणि भाकरी मागितली. मग गडीही बोलला. मूर्ती लपवायला ओसाड जागा हव्यात, म्हणूनच त्यानं तो नकाशा मिळवला होता; नदी हललेली त्यालाही तिथल्या एका गुराख्यानंच सांगितली होती.

त्या केसनं मला एक शिकवलं. कागद बघाच, पण त्या मातीत वाढलेल्या माणसाला आधी विचारा. आता बायको नाही. घर खायला उठतं, खोटं कशाला सांगू?

पण तेव्हाचा एक दिवस आठवतो. कोर्टाच्या हुकमानं मूर्ती गावात परतली, ढोल वाजत होते, तेव्हा आजीनं विचारलं, "शोधली कुणी?" मी बायकोला पुढे केलं. अख्ख्या माहेरानं आधी तिचा जयजयकार केला, मग देवीचा.