आखाजीचा जर्मन ड्रम

“याच्या जोडीचा रिकामा ड्रम कुठाय?” मी स्टोअरकीपरला विचारलं.

“परवाच नानांना दिला. आखाजीला जुन्या माणसाला रिकामा ड्रम द्यायची पद्धतच आहे आपल्याकडे. शिवाय झाकणावर लिहिलंच आहे की, गिफ्ट!” स्वतःच्याच विनोदावर तो खदखदून हसला. मी तसाच मॅनेजरांकडे धावलो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. धुळ्याच्या एका तेल गिरणीत मी केमिस्ट होतो, म्हणजे तेलाचा कस तपासणारा. आमच्या वेळी केमिस्ट्रीबरोबर जर्मनही शिकावं लागे, कारण महत्त्वाची पुस्तकं त्या भाषेत. मास्तर बजावायचे, ओळखीचा शब्द दिसला की आधी संशय घ्या. इंग्रजांचं गिफ्ट म्हणजे भेट. जर्मनांचं गिफ्ट म्हणजे विष. स्वीडनमध्ये त्याचा अर्थ विष तर आहेच, वर ‘विवाहित’ असाही आहे. त्यावर वर्गात फार हशा पिकला होता.

ड्रममधून गोदामातली कीड मारायची जर्मन पावडर आली होती. इंग्रजी लेबल धुताना निघालं आणि झाकणावर ठोकलेला तो एक शब्द राहिला. ड्रम कितीही धुवा, पत्र्याच्या सांध्यात औषध अडकून राहतंच. नाना आमच्या हमालांचे मुकादम. त्यांना ड्रम हवा होता प्यायचं पाणी साठवायला, कारण आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, लेक तान्हं बाळ घेऊन माहेरी आली होती.

मॅनेजर एरवी पेन्सिलीसाठीही दहा प्रश्न विचारायचे. त्या दिवशी एकच विचारला.

“खात्री आहे?”

“शंभर टक्के.”

“मग उभे काय राहिलात? ट्रक काढा!”

नानांना घेऊन ते स्वतःही चढले. नानांचं गाव पांझरेच्या काठी. रस्ताभर नाना एकच वाक्य बोलले, “सायेब, घरमा तान्हं पोर शे.”

अंगणात ड्रम पालथा होता. राखेनं घासून लख्ख, आणि कोरडा ठणठणीत. आमचे चेहरे पाहून नानांच्या सुनेला वाटलं, ड्रम परत मागायला आलो.

“लई जा!” ती फणकारली. “पानी वाही वाही मान मोडनी. भरी ठेवूत म्हणस, तं आक्का आयकतस नही.”

आक्का म्हणजे नानांची बायको. त्या शांतपणे म्हणाल्या, “नवं भांडं शे. आखाजीले पूजा व्हवाशिवाय त्यामा पानी नही भरतस.”

आखाजी दुसऱ्या दिवशी होती.

मॅनेजर तिथेच ओट्यावर बसले. मी ड्रममध्ये काय होतं ते सांगितलं. सून पांढरीफटक पडली. मग तिनं डोक्यावर पदर घेतला आणि सासूच्या पाया पडली.

“पाय काय पडस व माय,” आक्का म्हणाल्या. “पानी लई ये. सायेबस्ले तहान लागनी व्हई.”

ते गार पाणी पिताना माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. माझं जर्मन उशिरा पोचलं होतं. ते पोर वाचलं आक्कांच्या हट्टानं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

संध्याकाळी मॅनेजरांनी स्वतःच्या घरचा तांब्याचा हंडा नानांकडे पाठवला. पुढे मी नोकरीत होतो तोवर एकही रिकामा ड्रम तळाला भोक पाडल्याशिवाय गेटबाहेर जाऊ दिला नाही. गावोगाव जर्मन शिकवत बसण्यापेक्षा खिळा आणि हातोडा बरा.